घरचं हलकं क्रीमी ड्रेसिंग: पाणी का सुटतं आणि ते कुठे रोखायचं

तक्रार जवळपास नेहमी एकच असते. मेयोनीज नको म्हणून दह्याचं ड्रेसिंग केलं, बाउलमध्ये छान दाट दिसलं, सॅलडवर घातलं आणि पंधरा मिनिटांत तळाशी पांढरट पाणी साचलं. वरची पानं कोरडी, खालची भिजलेली. मग पुढच्या वेळी दही आणखी घट्ट घ्यायचं, त्याच्या पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर घालून बघायचं, आणि शेवटी कंटाळून मेयोनीजची बाटली परत आणायची.

यात गफलत अशी होते की पाणी कुठून येतंय हे न शोधता दाटपणा वाढवत राहतात. पाण्याचे उगम तीन: दही, भाज्या आणि मिक्सर. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी परीक्षा.

तयार ड्रेसिंग, मीठ घातलेलं, दोन चमचे एका छोट्या वाटीत काढा. त्यात भाजी काही घालू नका. वाटी अर्धा तास ओट्यावर राहू द्या, हलवू नका. मग वाटी किंचित कलती करा. कडेने पिवळसर पाण्याची रेघ धावली तर दोष दह्यात किंवा घुसळण्यात आहे. ड्रेसिंग आहे तसंच जागेवर बसलं असेल तर ड्रेसिंग निर्दोष आहे, पाणी भाज्यांचं आहे. चक्का कितीही घट्ट केलात तरी उपयोग होणार नाही. बहुतेक घरांत हा दुसराच प्रकार निघतो.

प्रमाण

पुढचं सगळं या प्रमाणाला धरून आहे. टोन्ड दुधाचं ताजं दही ५०० ग्रॅम टांगून त्याचा साधारण ३०० ग्रॅम चक्का करायचा. त्यातला २०० ग्रॅम चक्का, १ टेबलस्पून (१५ मिली) तेल, १ टीस्पून फेसलेली मोहरी किंवा तयार मस्टर्ड, २ टीस्पून लिंबाचा रस, लसणाची एक लहान पाकळी, अर्धा टीस्पून सपाट मीठ, अर्धा टीस्पून साखर, मिरपूड. सैल करायला एक-दोन टेबलस्पून थंड पाणी किंवा चक्क्यातून गळलेलंच पाणी. एकूण पाव किलोच्या आसपास ड्रेसिंग होतं; चार-पाच जणांच्या सॅलडला पुरून उरतं.

हलकं म्हणजे किती हलकं? मेयोनीजमध्ये ७० ते ८० टक्के तेलच असतं आणि एका टेबलस्पूनला ९० ते १०० कॅलरी होतात. वरच्या प्रमाणात स्निग्धांश १० टक्क्यांच्या आसपास राहतो आणि टेबलस्पूनला २० कॅलरी. त्यातलं ते एक टेबलस्पून तेल मात्र काढू नका. त्याच्याशिवाय जिभेवर दही आंबट-कोरडं लागतं, आणि लसूण-मिऱ्याचा वास धरून ठेवायला काही उरत नाही. ‘शून्य तेल’ म्हणून केलेलं ड्रेसिंग लोक दुप्पट घालून घेतात, मग हिशेब तिथेच.

दह्याचं पाणी

दही म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाची जाळी, आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी. जाळी बारीक आणि दाट विणलेली असेल तर पाणी धरून ठेवते. विरळ असेल तर नुसतं चमच्याने कापलं तरी सोडून देते. ही वीण ठरते दूध तापवताना. दूध नुसतं उतू जाण्यापर्यंत आणून बंद केलं तर ते विरजायला पुरतं, पण घट्टपणाला पुरत नाही. उकळी आली की आच मंद करून, ढवळत, आणखी ८-१० मिनिटं ठेवा. त्या उष्णतेने दुधातली दुसरी प्रथिनं, एरवी पाण्याबरोबर निघून जाणारी, केसीनला चिकटतात आणि जाळी घट्ट होते. पातळ दुधाला एवढं केलं तरी फरक दिसतो.

दूध कोणतं? टोन्डमध्ये कमीत कमी ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असतात, डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. हलकं हवं म्हणून डबल टोन्ड घ्यायला हरकत नाही, पण त्याचं दही ठिसूळ होतं आणि चक्का रवाळ. लिटरला दोन-तीन टेबलस्पून साय काढलेल्या दुधाची पावडर थंड दुधात विरघळवून मग तापवलंत तर ठिसूळपणा जातो. गरम दुधात पावडर टाकलीत तर तिच्या गुठळ्या होतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत. म्हशीच्या दुधाचं दही घट्ट लागतं हे खरं, पण सायीसकट घेतलंत तर हलकेपणाला अर्थ उरत नाही. साय आधी काढून घ्या.

विरजण लावायचं ते बोटाला गरम लागेल पण चटका बसणार नाही अशा दुधात, म्हणजे ४० ते ४३ अंशांना. लिटरला एक टीस्पून पुरे. जास्त विरजणाने दही लवकर लागतं, पण आंबतंही लवकर आणि पाणीही सोडतं. दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये. चार तास थंड झाल्यावर मगच टांगा, कारण कोमट दही टांगलं की पाणी भराभर गळतं, चक्का कोरडा होतो आणि आंबणं चालूच राहतं. श्रीखंडाच्या सवयीने रात्रभर नळाला टांगायची पद्धत इथे नको. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात तर अजिबात नको. सकाळी हाती येतो तो चक्का श्रीखंडात साखरेखाली झाकला जातो, ड्रेसिंगमध्ये उघडा पडतो.

चाळणीवर दुपदरी मलमल किंवा स्वच्छ पंचा पसरा, दही ओता, कडा वर दुमडा, खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये अडीच-तीन तास. पिळू नका, वर वजन ठेवू नका. पातेल्यात एक वाटीच्या आसपास, म्हणजे २०० मिली पाणी जमलं की थांबा. यापेक्षा कोरडा चक्का घेतलात तर तो सैल करायला पुन्हा पाणी घालावं लागतं, आणि हे वरून घातलेलं पाणी जाळीत नीट बसत नाही, पहिलं तेच बाहेर येतं. म्हणून घट्ट करून सैल करण्यापेक्षा हवा तेवढाच घट्ट काढणं शहाणपणाचं.

सैल करायला दूध वापरू नका. चक्क्याच्या आंबटपणाने आणि लिंबाने ते बारीक फाटतं आणि ड्रेसिंग वाळूसारखं लागतं.

मिक्सर

चक्का मिक्सरमध्ये फिरवला की वीस सेकंदांत ताकाच्या वाटेला लागतो. पाती जाळी तोडतात. एकदा तुटलेली जाळी फ्रिजमध्ये तासभर ठेवल्यावर थोडी सावरते, पूर्ण नाही. त्यामुळे नियम साधा: मिक्सरमध्ये जायचं ते लसूण, मिरची, कोथिंबीर, तेल, चक्का नाही.

लसूण, मीठ आणि हिरवा मसाला तेलात वाटून घ्या. चक्का वेगळा, पुरणयंत्रातून किंवा पिठाच्या चाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढा. श्रीखंडाला करतो तेच. दोन मिनिटांचं काम आहे आणि गुठळीचा प्रश्न तिथेच संपतो. मग त्यात मोहरी, वाटण, लिंबू घालून हाताने, एकाच दिशेने, चमच्याने कालवा. घुसळायचं नाही, रवी तर बाहेरच काढू नका. कालवलेलं ड्रेसिंग झाकून एक तास फ्रिजमध्ये. या तासाभरात ते पुन्हा घट्ट होतं आणि लसणाचा कच्चेपणाही उतरतो.

दाटपणा बरोबर आहे का हे बघायला चमचा बुडवून उलटा धरा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा जागेवर राहिल्या, खालच्या बाजूला एखादाच ओघळ आला, तर पानांच्या सॅलडला योग्य. ओघळ येतच नसेल तर ते डिप आहे. गाजराच्या तुकड्यांबरोबर खा, पानांवर घालू नका, पानं मोडतात.

भाज्यांचं पाणी

काकडीत ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत त्याहून जरासं कमी. चिरलं की पेशी फुटतात, आणि मीठ लागलं की उरलेल्या पेशीही पाणी बाहेर टाकायला लागतात. ड्रेसिंगमध्ये मीठ आहेच. म्हणजे ड्रेसिंग घालणं हेच पाणी सुटण्याचं कारण. कोशिंबिरीत मीठ अगदी पान वाढताना घालायचं हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही, पण तीच काकडी ‘सॅलड’ झाली की ड्रेसिंग घालून, कालवून, झाकून ठेवली जाते.

यावर दोन मार्ग. पहिला, ड्रेसिंग वेगळं वाढा आणि ताटात घेऊ द्या. दुसरा, पाणी आधीच काढून टाका. ३०० ग्रॅम काकडी चकत्या करून अर्धा टीस्पून मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा, मग मुठीत हलके दाबा. चारेक टेबलस्पून पाणी निघतं. एवढं पाणी २०० ग्रॅम चक्क्यात मिसळलं असतं तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. अशी काकडी घेतली की ड्रेसिंगमधलं मीठ निम्म्यावर आणा. हे विसरलं की दुसरी तक्रार येते, ‘खारट झालं’.

टोमॅटोचा गर आणि बिया चमच्याने काढून फक्त साल-मांस घ्या. गर रश्शात टाका. कांदा चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवून, निथळून, पुसून. मक्याचे दाणे आणि उकडलेले हरभरे चाळणीत पूर्ण गार होईपर्यंत. कोबी आणि गाजर त्यामानाने सोशिक आहेत, तासभर काही म्हणत नाहीत.

लेट्यूस किंवा कोणतीही पालेभाजी धुतल्यावर घड्यांमध्ये पाणी धरून बसते आणि ड्रेसिंग ओल्या पानाला चिकटतच नाही, सरळ खाली घसरतं. धुतलेली पानं पंच्यावर पसरून सैल गुंडाळी करा, दोन्ही टोकं धरून खिडकीबाहेर दोन झटके द्या आणि गुंडाळीसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पानं कोरडीही होतात आणि कुरकुरीतही.

उकडलेला बटाटा आणि पास्ता यांची तक्रार नेमकी उलटी: सकाळी लावलेलं ड्रेसिंग दुपारी गायब. पिष्टमय पदार्थ पाणी पितात. तिथे ड्रेसिंगचा एक तृतीयांश भाग राखून ठेवा आणि खायच्या आधी कालवा. बटाटा पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र चक्का लावू नका, वाफेने तो फुटतो.

फळांच्या बाबतीत एक सापळा आहे. न शिजवलेलं अननस, किवी आणि कच्ची पपई यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) असतात. चक्क्यात अर्धा तास राहिली की ड्रेसिंग पातळ तर होतंच, कडूही लागतं. चक्का खराब होता असं वाटतं, पण तो बिचारा निर्दोष असतो. अननस पाच मिनिटं शिजवून गार करून घातलं की काही होत नाही. किवी खायच्या क्षणी.

तेल वर येतं, कण दिसतात

चक्क्यातली प्रथिनं तेल धरून ठेवायला पुरेशी असतात, तरीही तवंग आला तर तेल एकदम ओतलं गेलंय. आधी मोहरीत थेंब थेंब तेल घालून मलईसारखं करून घ्या, मग ते चक्क्यात. मोहरी इथे फक्त चवीला नसते. तिच्या सालीत तेल आणि पाणी बांधून ठेवणारा चिकटपणा असतो.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढल्यावर पांढरे बारीक कण दिसले तर ड्रेसिंग फाटलं असं समजून टाकू नका. शेंगदाण्याचं आणि ऑलिव्हचं तेल फ्रिजच्या गारव्यात थिजतं. दहा मिनिटं बाहेर ठेवून चमच्याने कालवा, कण विरघळले तर ते तेल होतं. हा प्रकार नको असेल तर सूर्यफुलाचं तेल घ्या. खोबरेल अर्थातच नको.

कडू लागतं

कडवटपणाचा पहिला संशयित मोहरी. ती थंड पाण्यात फेसायची. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो, दाणा फुटून पाणी लागल्यावर विकराच्या क्रियेने तो तयार होतो. गरम पाणी घातलं की विकर मरतं, झणका येतच नाही आणि मागे नुसता कडूपणा राहतो. दोन टीस्पून मोहरी जाडसर कुटून, दोन टीस्पून थंड पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, नाकात गेल्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं. मग लिंबू. आंबट आधी घातलं तर झणका मंद राहतो, मुलांसाठी करताना हे मुद्दाम करता येतं.

दुसरा संशयित एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवणं. ते हातानेच मिसळा. तिसरा, लिंबाची बी वाटणात जाणं. लसणाचा कोंब हिरवा झाला असेल तर काढून टाका. लसूण आंबटात हिरवा-निळसर पडला तर घाबरायचं कारण नाही, तो रंग लसणातल्या गंधकाच्या संयुगांचा असतो.

आंबट झालं

साखर वाढवत नेऊ नका, ड्रेसिंगचं श्रीखंड होतं. लिंबू पूर्ण वगळा आणि चक्क्यात एक मोठा चमचा किसून मळलेलं ताजं पनीर घाला. आंबटपणा पसरतो, दाटपणा वाढतो. खाण्याचा सोडा चिमूटभर घालायचा सल्ला ऐकू येतो. आंबटपणा कमी होतो खरा, पण साबणासारखी चव येते आणि जाळी सैल पडून पाणी सुटतं.

दाट करण्यासाठी काय घालावं, काय नाही

उकळून गार केलेली कॉर्नफ्लोअरची खळ चालते: अर्धा कप पाण्याला २ टीस्पून, सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. मात्र तिला उष्टा चमचा लागता कामा नये. लाळेतलं विकर स्टार्च तोडतं, आणि चव घेऊन तोच चमचा परत बरणीत घातला तर दाट ड्रेसिंग काही वेळात पाण्यासारखं होतं. ‘रात्री घट्ट होतं, सकाळी पातळ’ या कोड्याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

भिजवलेले काजू वाटून घातले की मलई अप्रतिम येते, पण १० काजू म्हणजे ८०-९० कॅलरी. एका टेबलस्पून मेयोनीजएवढ्याच. दूध न चालणाऱ्यांसाठी मऊ टोफू बरा.

आपल्या स्वयंपाकघरात पाणी शोषणाऱ्या दोन उत्तम गोष्टी आधीच असतात: दाण्याचं कूट आणि पंढरपुरी डाळ्याची पूड. कोशिंबिरीत कूट चवीइतकंच पाण्यासाठी असतं. पाव किलो ड्रेसिंगला एक टेबलस्पून डाळ्याची पूड, कपड्यातून चाळलेली, वाढायच्या दहा मिनिटं आधी. चव फारशी कळत नाही. कुटाची कळते, त्यामुळे काकडी-गाजराला कूट, लेट्यूसला डाळं.

टिकण्याचं म्हणाल तर काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये, तीन दिवस. कच्चा लसूण आणि कोथिंबीर असेल तर दोनच. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाचे स्फटिक जाळी फाडतात आणि वितळल्यावर एकीकडे पाणी, एकीकडे कणी.

पाहुणे बसले आहेत आणि बाउलमध्ये तळं साचलंय, अशा वेळी चमच्याने ढवळून ते मुरवायचा प्रयत्न करू नका. सगळं सॅलड चाळणीत उलटं करा, दोन मिनिटं निथळू द्या, कोरड्या बाउलमध्ये काढून वरून दोन टेबलस्पून कूट आणि राखलेला चक्का हलक्या हाताने लावा. निथळलेलं पाणी संध्याकाळच्या थालीपिठाच्या पिठात जाऊ द्या, फक्त त्यात मीठ आधीच आहे हे लक्षात ठेवून.